विमानांच्या प्रतिकृती : पुन्हा सुरुवात करताना प्रमाण कोणते निवडावे?

शाळेत असताना किंवा एनसीसीच्या हवाई विभागात अनेकांना विमानांच्या प्रतिकृती तयार करण्याचा छंद लागतो. पुढे शिक्षण, नोकरी आणि संसाराच्या धबडग्यात तो मागे पडतो. चाळिशी-पन्नाशीत थोडी उसंत मिळाली की जुनी हौस पुन्हा डोके वर काढते. त्यातच भारतीय हवाई दलाने २६ सप्टेंबर २०२५ रोजी चंडीगड येथे मिग-२१ विमानांना निरोप दिला. नाशिकजवळच्या ओझर येथे शेकडोंच्या संख्येने तयार झालेले हे विमान आता संग्रहालयांत आणि प्रतिकृतींतच पाहावयास मिळणार आहे. ते आपल्या हातांनी घडवावे, असे वाटणे साहजिक आहे.

अशा वेळी सर्वप्रथम निर्णय घ्यावा लागतो तो प्रमाणाचा. तो चुकल्यास महागडा संच अर्धवट अवस्थेत माळ्यावर जातो आणि छंद दुसऱ्यांदा सुटतो.

प्रमाणांचे मूळ

आज प्रचारात असलेली बहुतेक प्रमाणे फूट आणि इंच या मापांतून आली आहेत. १:७२ म्हणजे सहा फुटांस एक इंच. सहा फुटी माणूस या प्रमाणात बरोबर एक इंचाचा होतो. ब्रिटनमध्ये १९३२ मध्ये ‘स्कायबर्ड्‌स’चे लाकडी संच आणि १९३६ मध्ये ‘फ्रॉग पेंग्विन’चे प्लास्टिकचे संच याच प्रमाणात निघाले. दुसऱ्या महायुद्धात विमाने ओळखण्याच्या प्रशिक्षणासाठीही हे प्रमाण वापरले गेले. १:४८ म्हणजे एका फुटास पाव इंच, तर १:३२ म्हणजे एका फुटास तीन अष्टमांश इंच. १:१४४ हे १:७२ च्या निम्मे असून प्रवासी विमानांसाठी सोयीचे ठरते.

जुन्या काळी काही कंपन्या खोक्यात मावेल अशा बेताने प्रतिकृती काढत. त्यामुळे माळ्यावरचा जुना संच पुन्हा हाती घेण्यापूर्वी त्यावरील प्रमाण तपासून घेणे इष्ट.

आकडे काय सांगतात?

मिग-२१ च्या पंखांचा विस्तार सुमारे ७.१५ मीटर आहे. १:७२ मध्ये तो सुमारे १० सेंटिमीटर, १:४८ मध्ये १५ आणि १:३२ मध्ये २२ सेंटिमीटर भरतो. १:७२ वरून १:४८ कडे गेल्यास लांबी दीडपट होते. परंतु रंगवावयाचे क्षेत्रफळ सव्वादोन पट आणि आकारमान जवळजवळ साडेतीन पट होते. १:३२ मध्ये तर क्षेत्रफळ १:७२ च्या पाचपट असते. प्रमाण वाढले की रंग, घासकाम आणि बैठकांची संख्याही वाढते. रोज रात्री जेमतेम अर्धा तास मिळणाऱ्याने हे ध्यानात घ्यावे.

चाळिशीचा चष्मा

लहानपणी १:७२ सहज जमत असे, म्हणून आजही जमेल असे नाही. चाळिशीनंतर जवळचे पाहण्याची डोळ्यांची क्षमता कमी होते. वैमानिकासमोरील साधारण आठ सेंटिमीटर व्यासाची तबकडी १:७२ मध्ये जेमतेम १.१ मिलिमीटरची होते. १:४८ मध्ये ती १.७ आणि १:३२ मध्ये २.५ मिलिमीटरची असते. भिंग आणि चांगला दिवा यांनी पुष्कळ काम भागते. तथापि, चिमट्याने बारीक भाग धरताना हात कापत असेल, तर १:४८ हेच अधिक सुखाचे.

जागेचा हिशेब

सावेडीत गुलमोहोर रस्ता, पाइपलाइन रस्ता या परिसरात बंगल्यांच्या जोडीने सदनिका संकुले उभी राहिली आहेत. सदनिकेतील काचेच्या कपाटाची फळी साधारण एक फूट, म्हणजे ३० सेंटिमीटर खोल असते. ओझर येथेच तयार झालेले सुखोई-३० एमकेआय सुमारे २१.९ मीटर लांब असून त्याच्या पंखांचा विस्तार १४.७ मीटर आहे. १:४८ मध्ये ते ४६ सेंटिमीटर लांब आणि ३१ सेंटिमीटर रुंद होते. अशा फळीवर ते आडवे ठेवले तरी मावत नाही. १:७२ मध्ये मात्र ३० बाय २० सेंटिमीटरमध्ये काम भागते. उघड्यावर ठेवलेल्या प्रतिकृतीवर धूळ बसते आणि ती पुसताना नाजूक भाग मोडतात, म्हणून कपाटाचे माप महत्त्वाचे.

२७ ऑक्टोबर १९४७ रोजी श्रीनगरला सैन्य उतरविणाऱ्या डाकोटाच्या पंखांचा विस्तार २९ मीटर होता. १:४८ मध्ये तो ६० सेंटिमीटर, १:७२ मध्ये ४० आणि १:१४४ मध्ये २० सेंटिमीटर होतो. एअर इंडियाने वापरलेले बोइंग ७४७-४०० तर १:१४४ मध्येही ४९ सेंटिमीटर लांब भरते.

रणगाडेही हवे असतील तर

नगरकरांपुढे आणखी एक पेच असतो. आर्मर्ड कोर सेंटर अँड स्कूलने १९९४ मध्ये उभारलेले कॅव्हलरी टँक म्युझियम याच शहरात असल्याने विमानासोबत एखादा रणगाडाही करावा, असे मनात येते. रणगाड्यांचे संच प्रामुख्याने १:३५ मध्ये मिळतात. हे प्रमाण १९६० च्या दशकाच्या सुरुवातीस जपानच्या ‘तामिया’ कंपनीने रूढ केले. आत मोटार आणि बॅटरी मावावी, एवढाच त्यामागचा हिशेब होता. लढाऊ विमानांचे संच १:३५ मध्ये क्वचितच निघतात. दोन्ही शेजारी मांडावयाचे असल्यास १:७२ किंवा १:४८ हाच मार्ग. या दोन्ही प्रमाणांत रणगाडेही मिळतात, १:७२ मध्ये अधिक.

निवड कशी करावी?

संग्रहाची मौज तुलनेत असते. १:७२ मध्ये ९ सेंटिमीटर पंखांचे नॅट २० सेंटिमीटर पंखांच्या सुखोईशेजारी ठेवले की दोन पिढ्यांतील अंतर एका दृष्टिक्षेपात कळते. हवाई दलाची मालिका करावयाची असल्यास १:७२ सोयीचे, कारण त्यात वाहतूक विमानेही घरात मावतात. मोजकीच एकइंजिनी लढाऊ विमाने मन लावून करावयाची असतील तर १:४८ उत्तम. १:३२ हे हात पुन्हा बसल्यानंतरचे काम आहे. मिग-२१ तिन्ही प्रमाणांत उपलब्ध असल्याने सुरुवातीस ते सोयीचे; परंतु आवडीचे प्रत्येक विमान हव्या त्या प्रमाणात निघालेले असतेच असे नाही. म्हणून हवी असलेली पाच-सहा विमाने आधी कागदावर लिहून ती कोणत्या प्रमाणात मिळतात, हे पाहावे.

खरेदीपूर्वी एक सोपा प्रयोग करावा. विमानाची मीटरमधील लांबी आणि रुंदी यांना शंभराने गुणून प्रमाणाच्या आकड्याने भागावे. सेंटिमीटरमध्ये उत्तर मिळते. त्या मापाचा पुठ्ठा कापून फळीवर ठेवून पाहावा. पहिला संच कमी भागांचा आणि साध्या रंगसंगतीचा घ्यावा. तो पूर्ण होऊन कपाटात बसला की पुढचे प्रमाण ठरविणे सोपे जाते.