इराणांत काय पाहावें?

इराण पाहावयास निघणाऱ्या मनुष्यापुढें पहिली अडचण पैशाची नसून निवडीची असते. महाराष्ट्राच्या पांचपटींहून मोठा देश, अडीच हजार वर्षांचा लिखित इतिहास, आणि हाताशीं दिवस फार तर वीस. तेव्हां तो एखादें मार्गदर्शक पुस्तक उघडतो. तें पुस्तक त्यास तेहरान, इस्फहान, शिराझ व पर्सेपोलिस या चार नांवांची माळ देतें आणि उरलेला देश मोटारीच्या खिडकींतून पाहावयास सांगतें. ही यादी वाईट आहे असें नव्हे. परंतु ती मुळांत कोणी केली याचा विचार सहसा कोणी करीत नाहीं. ती केली राजांनीं, आणि राजांच्या मागोमाग गेलेल्या युरोपियन प्रवाशांनीं. पिएत्रो देल्ला वाल्ले सतराव्या शतकाच्या आरंभीं शाह अब्बासच्या पदरीं राहिला. त्याच शतकाच्या उत्तरार्धांत आलेला शार्दें तर जवाहिऱ्याच होता, तेव्हां राजवाड्याचा दरवाजा हाच त्याच्या नकाशाचा मध्यबिंदु असावा यांत नवल नाहीं. पुढें हिंदुस्थानचा व्हाइसरॉय झालेल्या कर्झननें १८९२ सालीं इराणवर दोन जाडजूड खंड प्रसिद्ध केले. त्याची दृष्टि तर उघडउघड राजकारणी. दरबार जेथें, तेथें हे प्रवासी गेले. आणि ते जेथें गेले, तेथें आपण जातों.

प्रस्तुत लेखांत पासपोर्ट, परवाने व आजकालचें राजकारण यांचा विचार केलेला नाहीं. प्रश्न एवढाच कीं, इतिहासाच्या दृष्टीनें त्या देशांत काय पाहिलें म्हणजे तो देश पाहिला असें म्हणतां येईल?

याचें उत्तर राजांच्या वंशावळींत शोधण्याऐवजीं पाण्यांत शोधावें असें माझें मत आहे. इराणच्या उत्तरेस एल्बुर्झ पर्वताची भिंत, पश्चिमेस व नैऋत्येस झाग्रोसच्या रांगा, आणि या दोहोंच्या कुशींत मध्यभागीं दश्त-ए-कवीर व दश्त-ए-लूत हीं दोन ओसाड मैदानें. लूतच्या वाळवंटांत २००५ सालीं कृत्रिम उपग्रहानें जमिनीच्या पृष्ठभागाचें जें उष्णतामान मोजलें तें ७० अंश सेंटिग्रेडहून अधिक भरलें. अशा देशांत माणूस राहतो तो पावसाच्या भरंवशावर नव्हे. पर्वतावर हिंवाळ्यांत पडणाऱ्या बर्फाच्या भरंवशावर राहतो. म्हणून नकाशा नीट पाहिला तर असें दिसतें कीं, कूम, काशान, यज्द, किरमान हीं शहरें वाळवंटाच्या कडेनें, डोंगराच्या पायथ्याशीं, ताटाच्या कांठावर शितें ठेवावींत तशीं मांडलेलीं आहेत. बर्फाचें पाणी जेथवर पोंचलें तेथवर इराण. त्यापलीकडे नुसती जमीन.

हें पाणी पोंचविण्याची युक्ति म्हणजे कनात. पूर्वेकडे तिलाच कारेझ म्हणतात. डोंगराच्या पायथ्याशीं, जमिनीखालीं पाणी लागेल अशा जागीं, एक खोल विहीर खणावयाची. तिला मूळ विहीर म्हणूं. मग दूरवरच्या सखल गांवापासून त्या विहिरीच्या दिशेनें, अगदीं मंद चढाचा एक बोगदा जमिनीच्या पोटांतून खणीत न्यावयाचा. वाटेंत ठिकठिकाणीं उभीं भोकें पाडावयाचीं. त्यांतून माती बाहेर काढतां येते व खणणाऱ्यास हवा मिळते. बोगदा मूळ विहिरीस भिडला कीं पाणी आपल्या भारानें वाहत गांवापर्यंत येतें. ना मोट, ना रहाट, ना बैल. आणि उन्हांत पाणी आटण्याची धास्तीही नाहीं. ऐकावयास हें सोपें वाटतें. परंतु खोरासानांतील गुनाबाद येथील कनातीची मूळ विहीर सुमारें हजार फूट खोल असून बोगद्याची लांबी वीस मैलांच्या घरांत आहे, आणि हें काम दोन हजारांहून अधिक वर्षांपूर्वीं, दिवट्यांच्या उजेडांत, हातांतल्या कुदळीनें झालेलें आहे. उतार अंमळ जास्त झाला तर पाणी बोगदा कोरून टाकील, कमी झाला तर तुंबेल. अशा वेळीं त्या कुदळीमागच्या डोक्याविषयीं पर्सेपोलिसच्या खांबांहून अधिक आदर वाटूं लागतो.

पाण्याची वांटणीही पाहण्यासारखी. तळाशीं बारीक छिद्र असलेली तांब्याची वाटी पाण्यांत सोडावयाची; ती भरून बुडाली कीं एक माप झालें. ज्याचा जितक्या वाट्यांचा हक्क, तितका वेळ पाणी त्याच्या शेताकडे. लग्नघरांत उपाध्यायांनीं मांडलेलें घटिकापात्र ज्यांनीं लहानपणीं पाहिलें असेल त्यांस ही वाटी निराळी समजावून सांगावयास नको. फरक इतकाच कीं, आपण तिनें मुहूर्त मोजला आणि इराणी कुणब्यानें पाणी मोजलें. विसाव्या शतकांत ही व्यवस्था मोडत गेली. १९६३ च्या जमीनसुधारणेनें जुने जमीनदार गेले, तें कदाचित् योग्यच झालें. परंतु कनातींची डागडुजी करणारा धनीही त्यांच्याबरोबर गेला. शिवाय पंपाच्या खोल विहिरींनीं पाण्याची पातळी खालीं ओढली आणि अनेक मूळ विहिरी कोरड्या पडल्या. २०१६ सालीं युनेस्कोनें अकरा कनातींस जागतिक वारशाच्या यादींत घातलें.

म्हणून माझ्या यादींत पहिलें नांव यज्दचें. तेथें राजवाडा म्हणण्यासारखा नाहीं. मातीचीं घरें, वरच्या वाऱ्यास पकडून खालच्या दालनांत सोडणारे बादगीर नांवाचे उंच मनोरे, पाण्याचे झांकलेले हौद, हें त्या शहराचें वैभव. परंतु मराठी माणसास यज्दकडे जाण्याचें दुसरें एक कारण आहे. अरबांच्या विजयानंतर जे जरथुष्ट्री इराणांतच राहिले, त्यांचा अखेरचा आश्रय यज्द व किरमान या वाळवंटाच्या कडेवरील प्रांतांत होता. १८५४ सालीं मुंबईच्या पारशांनीं माणेकजी लिमजी हातरिया यांस त्यांची विचारपूस करण्यास पाठविलें. साऱ्या इराणांत मिळून सुमारें सात हजार माणसें त्यांस आढळलीं. जिझिया कराच्या वसुलींत त्यांची जी विटंबना होई ती थांबविण्यासाठीं माणेकजींनीं तेहरानच्या दरबारीं जवळजवळ तीस वर्षें खेटे घातले. १८८२ सालीं नासिरुद्दीन शाहानें तो कर माफ केला. मुंबईपुण्याच्या कोपऱ्याकोपऱ्यावर संगमरवरी टेबलें व वाकड्या लांकडाच्या खुर्च्या मांडून ज्यांनीं आपणांस चहा व मस्का-पाव खाऊं घातला, ते 'इराणी' यज्दच्या याच खेड्यांतून आलेले. यज्दचें हल्लींचें आतशबेहराम १९३४ सालचें असून त्याच्या बांधणीस मुंबईचा पैसा लागला आहे. आंतील अग्नि मात्र इ. स. ४७० च्या सुमारापासून अखंड जळत आला आहे अशी परंपरा आहे. कांचेआड असलेला तो लहानसा अग्नि पाहून कांहीं प्रवासी निराश होतात. त्यांनीं आधीं माणेकजींची हकीकत वाचून जावें.

इस्फहानास न जातां कोणी परत येणार नाहीं आणि येऊंही नये. शाह अब्बासनें १५९८ च्या सुमारास राजधानी तेथें आणिली. नक्श-ए-जहान हें विस्तीर्ण मैदान, त्याच्या दक्षिणेची शाही मशीद व पूर्वेची मिनारविरहित शेख लुत्फुल्ला मशीद यांचें वर्णन इतकें झालें आहे कीं येथें पुन्हां करण्याचें प्रयोजन नाहीं. मात्र बहुतेक प्रवासी तेथूनच माघारी फिरतात. जुन्या बाजारांतून मैलभर पुढें गेलें म्हणजे जुम्मा मशीद लागते. खरें इस्फहान तेथें आहे. सेल्जुक सुलतान मलिकशाह याचा वजीर निजाम-उल्-मुल्क यानें १०८६ च्या सुमारास मशिदीच्या दक्षिणेस एक भव्य घुमट उभारला. त्याचा प्रतिस्पर्धी ताज-उल्-मुल्क यानें १०८८ सालीं उत्तरेस दुसरा बांधला. हा आकारानें लहान, साध्या विटांचा, अंगावर मीनाकारीचा लवलेश नाहीं. जाणते लोक या धाकट्या घुमटास इराणी वास्तुकलेंतील अत्यंत निर्दोष कृति मानतात, आणि तें पटतें. दोन मंत्र्यांच्या वैराचें पुढें काय झालें? १०९२ सालीं निजाम-उल्-मुल्काचा खून झाला आणि त्याचा संशय घेऊन पुढील वर्षीं त्याच्या माणसांनीं ताज-उल्-मुल्कास ठार केलें. घुमट मात्र दोन्ही उभे राहिले.

इस्फहानच्या पुलांविषयीं एक सांगितलें पाहिजे. तेहतीस कमानींचा पूल व खाजू पूल हे जिच्यावर बांधले ती झायंदेरूद, म्हणजे 'जीवन देणारी नदी', अलीकडे वर्षाचे कितीतरी महिने कोरडी असते. चित्रांत पाहिलेलें कमानींचें प्रतिबिंब दिसेलच अशा भरंवशानें कोणी जाऊं नये. तरी तो कोरडा पाट पाहावाच, कारण यज्दच्या आटलेल्या विहिरींचाच तो पुढचा अध्याय आहे.

पर्सेपोलिसविषयीं माझें मत कदाचित् विपरीत वाटेल. दारयवहुनें इ. स. पू. ५१८ च्या सुमारास आरंभिलेलें व शिकंदरानें इ. स. पू. ३३० त जाळलेलें तें स्थान खरोखरच भव्य आहे. परंतु भव्यतेनें माणूस थोड्याच वेळांत थकतो. तेथें दोन गोष्टींकडे लक्ष द्यावें. एक, अपादानाच्या जिन्यावर कोरलेली नजराणे आणणाऱ्या प्रजाजनांची मिरवणूक. तींत सिंधुप्रांताचे, म्हणजे इराणी भाषेंत 'हिंदूश'चे लोक आहेत; त्यांपैकीं एकाच्या खांद्यावर चक्क कावड आहे आणि तिच्या टोपल्यांत बहुधा सोन्याचा कीस. हिरोडोटस सांगतो कीं हा प्रांत दरसाल ३६० टॅलंट सोन्याची भुकटी देत असे. दुसरी गोष्ट त्या चौथऱ्यावर दिसत नाहीं, परंतु तिच्यावांचून तो चौथरा कळत नाहीं. १९३३-३४ त हर्झफेल्डच्या उत्खननांत तटबंदीच्या कोनाड्यांतून मातीच्या हजारों इष्टिका सांपडल्या. त्यांवर राजाची स्तुति नाहीं. इलामी भाषेंत मजुरांच्या शिध्याचा हिशेब आहे. धान्य किती, मद्य किती, कोणत्या टोळीस, कोणत्या महिन्यांत. बाळंतिणीस जादा शिधा मिळे. मुलगा झाल्यास मुलीच्या दुप्पट. पेशवे दफ्तरांतील रोजकीर्दी ज्यांनीं चाळल्या आहेत त्यांस या इष्टिका फार परक्या वाटणार नाहींत. महाल जळाला तेव्हां हे हिशेब त्याच्याही आधीं दीडशें वर्षें कोनाड्यांत विसरले गेले होते, आणि म्हणूनच वांचले.

किरमानशाहजवळचा बिसुतूनचा कडा वाटेवर नाहीं, तरी एक दिवस मोडून तेथें जावें. कड्यावर उंच, शिडीवांचून हात पोंचणार नाहीं अशा जागीं, दारयवहुनें आपल्या विजयाचा लेख तीन भाषांत कोरविला. तो उतरून घेणारा हेन्री रॉलिन्सन हा १८२७ सालीं कंपनीचा कॅडेट म्हणून मुंबईस आला होता. ज्या जहाजानें तो आला त्याच जहाजावर मुंबईचे नवे गव्हर्नर व इराणचे इतिहासकार सर जॉन माल्कम होते. १८३५ पासून रॉलिन्सननें लेख उतरावयास आरंभ केला. बाबिली मजकुराचा भाग इतका अवघड जागीं होता कीं तो त्यासही साधेना. १८४७ सालीं एक कुर्द पोरगा कड्याच्या भेगांत खुंट्या ठोकीत, दोरास लोंबकळत गेला आणि ओल्या कागदाचे ठसे घेऊन आला. कीलाकार लिपीच्या उलगड्याचें श्रेय रॉलिन्सनला मिळालें, तें रास्तच आहे. त्या पोराचें नांव कोठेंही लिहिलेलें नाहीं.

वीस दिवसांत कांहीं गाळावें लागणारच. तेहरान मी एका दिवसांत, पुराणवस्तुसंग्रहालयापुरतें आटोपीन. सुलतानियाचा ओल्जाइतूचा प्रचंड घुमट गाळणें जिवावर येतें, पण गाळीन. बामचा प्रश्न अधिक कठीण. २६ डिसेंबर २००३ च्या पहाटे झालेल्या भूकंपांत तेथें सव्वीस हजारांहून अधिक माणसें दगावलीं आणि मातीचा तो पुरातन किल्ला बव्हंशीं ढांसळला. त्यानंतर त्याची पुष्कळशी बांधणी नव्यानें झाली आहे. आतां तें अस्सल राहिलें नाहीं असें म्हणणारे पुष्कळ. परंतु मातीचें शहर दर पिढीस लिंपावें व बांधावें लागतेंच. अस्सल म्हणजे केव्हांचें, हा प्रश्न दगडी मंदिरें पाहणाऱ्यांचा आहे. वेळ उरला तर मी बामला जाईन.

एल्बुर्झपलीकडचा गीलान प्रांतही या फेरींत सुटतो. तेथें कास्पियनचे ढग डोंगरास अडून धो धो कोसळतात, भातशेती पिकते, घरांस उतरतीं छपरें असतात. कोंकणांतून गेलेल्या माणसास तेथें घरच्यासारखें वाटावें. याच गीलानहून पंधराव्या शतकांत महमूद गवान बहमनी दरबारीं आला, वजीर झाला, आणि १४८१ सालीं एका बनावट पत्रावरून सुलतानाच्या हुकुमानें मारला गेला. १४७२ त पुरा झालेला त्याचा मदरसा बिदरला आहे. १६९६ च्या दारूच्या स्फोटानें त्याचा एक भाग उडाला, तरी मनोऱ्यावर व भिंतींवर इराणी मीनाकारीचे निळे तुकडे अद्यापि शिल्लक आहेत. बिदरच्या नौबादेस बहमनी काळची एक कारेझही आहे. गाळानें बुजलेली ती अलीकडे उपसून मोकळी केली. ज्यास इराणास जाणें घडत नाहीं त्यानें आधीं बिदरला जावें, आणि येतांना औरंगाबादेस उतरून मलिक अंबरच्या नहरीचे बंब कोठें कोठें उरले आहेत तें विचारावें.