विकणाराही फसतो

जुन्या वस्तूंच्या बाजारात फसतो तो घेणारा, ही समजूत फार जुनी. मुंबईचा चोरबाजार घ्या. मूळ नाव ‘शोरबाजार’, म्हणजे गलबल्याचा बाजार, असे सांगतात. तिथे रेडिओ घेणारा तो आधी लावून पाही, खरखर ऐके, मगच घासाघीस करी. एका हाताने वस्तू, दुसऱ्या हाताने पैसे. १९३० च्या मालविक्री कायद्यानेही घेणाऱ्यालाच सावध केले: विकणारा मालक नसेल, तर मालकी सहसा मिळत नाही.

१९९५ मध्ये अमेरिकेत पिएर ओमिड्यार यांनी लिलावाचे संकेतस्थळ काढले. पुढे तेच ‘ईबे’ झाले. तिथली पहिली विक्री मोडक्या लेझर पॉइंटरची, १४.८३ डॉलरला. न पाहिलेल्या माणसाशी व्यवहार सुरू झाला.

भारतात २०१६ मध्ये यूपीआय आले आणि फसवणुकीची दिशाही बदलली. ‘तुमचा जुना फोन घेतो, पैसे पाठवतो, हा क्यूआर कोड स्कॅन करा,’ असे गोड आवाज सांगतो. विकणाऱ्याने पिन टाकला, की पैसे येण्याऐवजी जातात. पैसे घ्यायला पिन कधीच लागत नाही, एवढे ध्यानात ठेवावे.

घेणाऱ्याने फोनवर *#०६# दाबून आयएमईआय क्रमांक पाहावा आणि सरकारच्या ‘संचार साथी’वर तपासावा. फसगत झालीच, तर लगेच १९३० या क्रमांकावर कळवावे. कायद्याचे साल आणि मदतीचा क्रमांक एकच, हा योगायोग. पण गेलेले पैसे पुढच्या खात्यात सरकण्याआधी अडवायचे, तर मिनिटे मोजावी लागतात.