रीपॅकचा उतार आणि गणिताचे सर

आज आपण जातोय कॅलिफोर्नियात, सॅन फ्रान्सिस्कोच्या वर असलेल्या मरिन काउंटीत. तारीख २१ ऑक्टोबर १९७६. फेअरफॅक्स गावाजवळच्या डोंगरावर काही पोरं जुन्या, जाडजूड टायरच्या सायकली घेऊन जमलीत. श्विन कंपनीच्या या सायकली १९३०-४० च्या जमान्यातल्या, म्हणजे त्या पोरांपेक्षाही वयाने मोठ्या. पैज साधी होती: सगळ्यात आधी खाली कोण पोचतं?

रस्ता कच्चा, वणवा विझवायला गाड्या जाव्यात म्हणून केलेला. अंतर जेमतेम दोन मैल, पण तेवढ्यात उतार सुमारे ४०० मीटरचा! आणि ब्रेक? पेडल उलटं दाबलं की मागचं चाक थांबणार, एवढंच. सतत दाबून हब इतका तापायचा की आतलं ग्रीस जळून धूर निघायचा. मग घरी जाऊन हब उघडा आणि नवीन ग्रीस भरा, म्हणजेच 'रीपॅक' करा. शर्यतीचं नाव तेच पडलं.

या गोष्टीत सगळे गॅरी फिशरचं नाव घेतात. बरोबरच आहे, ४ मिनिटं २२ सेकंदांचा विक्रम त्याचा. जो ब्रीझनेही पुढच्याच वर्षी, १९७७ मध्ये, खास या कामासाठी नवी फ्रेम बनवली. पण मला विचाराल तर खरा हिरो चार्ली केली. तो वहीत नावं लिहायचा, दोन घड्याळं जुळवायचा, एकेकाला दोन-दोन मिनिटांच्या अंतराने सोडायचा. त्यामुळे पहिल्यांदा कळायला लागलं की खाली पोचायला मी नक्की किती वेळ घेतला. आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांच्या भाषेत सांगायचं तर लॉगच नसतील तर डीबग कसं करणार?

एक गोष्ट मात्र तिथे नव्हती. कोच. पडा, खरचटून घ्या, पुन्हा चढा, हीच शिकवणी. पुढे खेळ भराभर वाढला. १९९० मध्ये ड्युरँगोला पहिली अधिकृत जागतिक स्पर्धा झाली, १९९६ मध्ये अटलांटा ऑलिंपिकमध्ये पदकं मिळायला लागली. पण शाळेतल्या पोराने शिकायचं कुणाकडे? बास्केटबॉलला शाळेत टीम असते, कोच असतो. डोंगरातल्या सायकलला काय होतं? त्यात मरिनच्या बऱ्याचशा अरुंद पायवाटांवर सायकलींना बंदी आली. खेळ जन्मला तिथेच पोरांना सायकल चोरासारखी चालवावी लागणार, अशी गत!

इथे एन्ट्री होते बर्कलीच्या शाळेतल्या गणिताच्या एका सरांची, मॅट फ्रिट्झिंगर यांची. त्यांनी आधी आपल्या शाळेची टीम बांधली, मग २००१ मध्ये उत्तर कॅलिफोर्नियात शाळांची लीग सुरू केली. २००९ मध्ये त्यातूनच 'नायका' ही देशभराची संघटना उभी राहिली. नियम मला फार आवडतो: बाकावर कुणी बसायचं नाही, टीममध्ये आलेला प्रत्येक जण शर्यतीत उतरणार. आणि अनेक लीगमध्ये मुलं-मुली दोघांचे मिळून गुण मोजतात. म्हणजे मुलींना टीममध्ये आणल्याशिवाय जिंकणं अवघड. नैतिक भाषणापेक्षा असा नियम जास्त काम करतो, असं माझं मत.

त्याच लीगमधून आली केट कोर्टनी. माउंट टॅमलपायसच्या पायथ्याशी वाढलेली. २०१८ मध्ये स्वित्झर्लंडच्या लेंझरहाइडेला ती जगज्जेती झाली. त्याआधी अमेरिकन बाईने हा किताब जिंकला होता २००१ मध्ये, ॲलिसन डनलॅपने.

पण सगळीच पोरं केट होत नाहीत, आणि तिथले बहुतेक कोचही कधी चॅम्पियन नव्हते. बहुतेक जण फुकट काम करणारे आईबाप नाहीतर शिक्षक. पोरगं आधी टीममध्ये येतं, मग त्याच्यामागून बाबा येतात. त्यांची पार्श्वभूमी तपासली जाते, डोक्याला मार लागला तर काय करायचं हे त्यांना शिकावं लागतं. मग लेव्हल एक, दोन, तीन. शिकवायचं काय, तर अगदी पायाभूत: उतारावर दोन्ही पेडल समांतर ठेव, टाच खाली, बूड सीटवरून उचल, नजर चाकाकडे नको, पुढच्या वळणाकडे. रीपॅकवर हेच शिकायला हाडं मोडायची वेळ यायची.

आणि सरावाला निघाले की एक कोच सगळ्यात पुढे असतो, एक सगळ्यात शेवटी. शेवटच्याचं काम एकच, सगळ्यात हळू चालवणाऱ्या पोराच्या मागे राहायचं.