मुक्कामी गाडी आणि आपण

१ जून १९४८ रोजी एसटीची पहिली गाडी पुण्याहून सुटली ती आपल्या नगरला. हा मान आपण मिरवतो. पण गाडीचे खरे काम पुढे झाले. १७,०४८ चौरस किलोमीटरचा हा राज्यातला सर्वांत मोठा जिल्हा. दौंड-मनमाड रेल्वे नगर, राहुरी, बेलापूर, कोपरगाव अशी गेली. अकोले, पारनेर, शेवगाव, पाथर्डी, जामखेड बाजूलाच राहिले. तिथे भरवसा एसटीचाच.

रात्री गावात मुक्कामाला थांबलेली गाडी पहाटे निघे. तीत दुधाच्या किटल्या, बाजाराच्या पाट्या आणि दप्तरात पास जपणारे आम्ही. माझ्या वाडीला रस्ता नव्हता. फाट्यापर्यंत पायीच यावे लागे. सातवीनंतर वर्गातल्या मुली कमी होत गेल्या. त्या हुशारीत मागे नव्हत्या. त्यांच्या गावाला गाडी नव्हती, आणि घरचे एकटीला पायी पाठवत नसत. पुढे ग्रामीण मुलींना अहिल्याबाई होळकरांच्या नावाने मोफत पास मिळू लागला. आज जिल्ह्यालाही त्यांचेच नाव आहे.

आता दारोदारी मोटारसायकली आल्या, तरी ज्या मुलीच्या घरी गाडी चालवणारे मोकळे नाही, तिची शाळा अजून एसटीवरच चालते. म्हणून शाळेचा इतिहास लिहिताना पटसंख्येशेजारी एसटीचे वेळापत्रकही मांडावे, असे मला वाटते.