सुरतेचा लांबलेला बंदोबस्त
सतराव्या शतकात सुरत हे मुघलांचे सर्वांत श्रीमंत बंदर होते आणि मक्केचे यात्रेकरू येथूनच जहाजात चढत. तापीकाठी किल्ला होता, पण शहराला धड तट नव्हता. अंमलदार इनायत खान पाचशे शिपायांचा पगार उचलत असे, फौज मात्र नावापुरतीच. जानेवारी १६६४ मध्ये शिवाजी महाराज गणदेवीपर्यंत आल्याची बातमी लागली, तेव्हा तो किल्ल्यात जाऊन बसला. इंग्रज वखारीचा प्रमुख जॉर्ज ऑक्झेंडन याने त्याच वेळी जहाजांवरचे खलाशी उतरवले, तोफा मांडल्या, वखार वाचली. शहरातून मराठ्यांनी सुमारे कोटभर रुपयांचा ऐवज नेला.

मग औरंगजेबाने वर्षाची जकात माफ केली आणि तट बांधण्याचा हुकूम दिला. ऑक्टोबर १६७० मध्ये महाराज पुन्हा आले. आता तट होता, पण लढणारी माणसे पुरेशी नव्हती. किरकोळ प्रतिकारानंतर रखवालदार किल्ल्याकडे पळाले. विटा रचणे त्यामानाने सोपे, पगारी फौज खरोखर उभी करणे दरबाराला अवघड गेले असावे. या वेळची लूट सुमारे ६६ लाखांची होती. पुढे व्यापारी धास्तावलेलेच राहिले, आणि १६८७ मध्ये इंग्रज ईस्ट इंडिया कंपनीने आपले मुख्य ठाणे मुंबईला हलवले.