खेळाचा नियम आणि पेटंटाची भाषा

विटीदांडूच्या खेळात ‘वकट, लेंड, मूंड, नाल’ अशी गणती मराठी मुले पिढ्यानुपिढ्या करीत आली. तेलुगूतील ‘ओकटि, रेंडु, मूडु, नालुगु’ या संख्यावाचकांशी तिचे नाते उघड आहे. १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यात असलेल्या धाराशिवसारख्या जिल्ह्यात तर मराठी, कन्नड व तेलुगू भाषकांचा संबंध नित्याचाच होता. खेळाचा नियम भाषेची सीमा अशी सहज ओलांडतो. त्यावर कोणाची मालकी असावी, ही कल्पनाच या व्यवहारात नाही.

युरोपात ही कल्पना रूढ झाली. पचीसीच्या कुळातील ‘लूडो’ या खेळाचे पेटंट इंग्लंडात १८९६ मध्ये घेण्यात आले. त्याच विचाराचे अलीकडचे रूप जपानमध्ये दिसते. राक्षसांना वश करून आपल्या बाजूने लढविण्याची कल्पना तेथील ‘मेगामी टेन्सेई’ या व्हिडिओ गेममध्ये १९८७ सालीच होती. १९९६ च्या ‘पोकेमॉन’ने तिला जगभर लोकप्रियता मिळवून दिली. जानेवारी २०२४ मध्ये ‘पालवर्ल्ड’ हा तशाच धर्तीचा खेळ निघाला. १८ सप्टेंबर २०२४ रोजी निन्टेन्डो व पोकेमॉन कंपनी यांनी त्याच्या निर्मात्या पॉकेटपेअर या कंपनीविरुद्ध टोकियो जिल्हा न्यायालयात दावा दाखल केला.

हा दावा चित्रांच्या साम्याचा नव्हे, तर तीन पेटंटांचा आहे, हे लक्षणीय होय. नेम धरून वस्तू फेकणे व प्राणी पकडणे, तसेच वाहक प्राण्यांवर आरूढ होणे, या क्रियांचे त्यांत वर्णन आहे. मूळ अर्ज डिसेंबर २०२१ चा; मात्र ही तिन्ही पेटंटे त्यातून २०२४ मध्ये, म्हणजे ‘पालवर्ल्ड’ निघाल्यानंतर, विभागून मागण्यात आली. येथे भाषेचा प्रश्न उपस्थित होतो. ‘फेकणे’, ‘पकडणे’ ही क्रियापदे सर्वांची आहेत. परंतु त्यांना ‘संगणकाने करावयाची क्रिया’ अशा शब्दरचनेत बसविले की त्यांवर हक्क सांगता येतो. पॉकेटपेअरने नोव्हेंबर २०२४ मध्ये गोलक फेकून प्राणी बोलावण्याची पद्धत आपल्या खेळातून काढून टाकली, यावरून या शब्दांचे सामर्थ्य कळून येते.

भारतीय कायद्याची भूमिका निराळी आहे. १९७० च्या पेटंट अधिनियमात २००२ च्या दुरुस्तीने घातलेले कलम ३(एम) खेळ खेळण्याच्या केवळ पद्धतीस शोध मानीत नाही. धाराशिवच्या एखाद्या तरुणाने अशा नियमासाठी मुंबईच्या पेटंट कार्यालयात अर्ज केला, तर हेच कलम आड येईल. तथापि पेटंट हे देशापुरते असते. त्याच तरुणाचा खेळ जपानमध्ये विकला गेल्यास त्यास तेथील पेटंटे लागू होतील.

अशा वेळी पूर्वीच्या नोंदींचे महत्त्व कळते. ऑक्टोबर २०२५ मध्ये जपानच्या पेटंट कार्यालयाने याच कुळातील एका अर्जावर आक्षेप घेतला, तो आधी प्रसिद्ध झालेल्या खेळांच्या आधारे. जे पूर्वी प्रसिद्ध होते, ते नवे म्हणून कोणास मागता येत नाही. पण ते प्रसिद्ध होते हे दाखवावयास लेख हवा. आपल्या बोलींतील खेळांचे नियम व त्यांची परिभाषा मुख्यतः मौखिक आहेत. त्यांचे तारखेनिशी व काटेकोर शब्दांत संकलन करून ते प्रसिद्ध करणे हे भाषाभ्यासाचे कार्य तर आहेच, शिवाय सार्वजनिक ठेव्याचे रक्षणही आहे.