ढगांचे ‘आत्ताचे’ चित्र आपल्या हाती कसे आले? #थ्रेड

१/ जून उजाडला की अरबी समुद्रावरील ढगांचे उपग्रह-चित्र या मोबाइलवरून त्या मोबाइलवर फिरू लागते. ते अर्ध्या तासापूर्वीचे आहे की गतवर्षीचे, हे मात्र क्वचितच कोणी विचारतो. ताजे चित्र कोणालाही विनामूल्य मिळावे, ही कल्पना मुळात कोठून आली, याचा हा मागोवा.

२/ १ एप्रिल १९६० रोजी अमेरिकेने ‘टायरॉस-१’ हा पहिला यशस्वी हवामान-उपग्रह सोडला. तो ७८ दिवस कार्यरत राहिला आणि त्याने बावीस हजारांहून अधिक चित्रे पाठविली. परंतु ती उतरत अमेरिकेच्या मोजक्या केंद्रांवर. ज्यांच्या किनाऱ्यावर वादळ धडकणार, त्यांच्या हाती मूळ चित्र वेळेवर पडत नसे.

३/ माझ्या मते खरी क्रांती टायरॉस-१ ने केलीच नाही. ती डिसेंबर १९६३ मध्ये सुटलेल्या टायरॉस-८ ने केली. त्यावर ‘एपीटी’ म्हणजे स्वयंचलित चित्रप्रक्षेपणाची यंत्रणा होती. उपग्रह माथ्यावरून जाताना खालचे दृश्य रेडिओलहरींवर तत्काळ सोडून देई. त्याला सांकेतिक कुलूप नव्हते. साधा अँटेना, ग्राहकयंत्र आणि फॅक्ससारखे छपाईयंत्र असले की काही मिनिटांत ओळीओळीने चित्र उमटे. शाळकरी मुलांनी आणि हौशी रेडिओवाल्यांनीही पुढे ती टिपली. या पद्धतीने चित्रे पाठविणारे अखेरचे अमेरिकी उपग्रह २०२५ मध्ये निवृत्त झाले.

४/ हे औदार्य निव्वळ परोपकार होता, असे मानणे भाबडेपणाचे ठरेल. काळ शीतयुद्धाचा होता आणि हेरगिरीचे उपग्रहही त्याच आकाशात फिरत होते. दुसऱ्याच्या भूमीकडे वरून पाहणे जगाच्या अंगवळणी पाडायचे, तर ढगांच्या चित्रांइतका निरुपद्रवी नजराणा दुसरा कोणता? केनेडी यांनी १९६१ मध्ये संयुक्त राष्ट्रांत हवामान-सहकार्याचा प्रस्ताव मांडला, तोही याच वातावरणात. हेतू काहीही असो, लाभ सर्वांचा झाला.

५/ आपल्याकडे तो लाभ प्रथम पोहोचला मुंबईत. १८२६ पासूनचा वेधशाळेचा वारसा असलेल्या कुलाब्यात, आंतरराष्ट्रीय हिंदी महासागर मोहिमेच्या काळात एपीटीचे ग्राहकयंत्र बसले. ज्या समुद्रावरून मान्सून येतो, तेथील निरीक्षणे तोवर प्रामुख्याने येत ती जहाजांकडून. जहाज जेथे नाही, तेथील ढग नकाशावर नाहीत!

६/ मात्र ध्रुवीय कक्षेतील उपग्रह एकाच प्रदेशावरून दिवसाकाठी एकदोनदाच जातो. ऑगस्ट १९८३ मध्ये ‘इन्सॅट-१बी’ गेला आणि सुमारे ३६,००० किलोमीटर उंचीवरून भारताकडे अखंड पाहणारा डोळा मिळाला. आता ढगांची हालचाल दिसू लागली. दूरदर्शनच्या बातम्यांतील ते करडे चित्र आपल्या आईवडिलांना नक्की आठवत असेल. गंमत अशी की, इन्सॅटची मूळ चित्रे परदेशी अभ्यासकांना कित्येक वर्षे सहज मिळत नसत. त्यांच्या देवाणघेवाणीसाठी भारत-अमेरिका करार झाला तो १९९७ मध्ये. खुलेपणाचा प्रवास असा सरळ रेषेत झालेला नाही.

७/ शिवाय उपग्रहाला दिसतो तो ढगाचा माथा. पोटात किती पाऊस आहे, हे रडार सांगते. त्याने सोडलेल्या लहरी थेंबांवर आपटून परततात. डॉप्लर रडारला थेंब जवळ येत आहेत की दूर जात आहेत, हेही कळते. २६ जुलै २००५ ला सांताक्रुझ येथे चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस कोसळला. त्याच शहरात कुलाब्याला जेमतेम ७३. इतक्या लहान क्षेत्रातील प्रलय टिपू शकणारे डॉप्लर रडार तेव्हा मुंबईत नव्हते. लोक गाड्यांत, लोकलमध्ये, कचेऱ्यांत अडकले ते पुढच्या तासाची काहीही कल्पना नसताना. पुढे कुलाब्याला डॉप्लर रडार आले. दुसरे वेरावलीला, जानेवारी २०२२ मध्ये.

८/ आज हवामान विभागाच्या ‘मौसम’ संकेतस्थळावर इन्सॅट-३डीआर व ३डीएस यांची चित्रे आणि रडारची चित्रे कोणालाही पाहता येतात. इस्रोचे ‘मॉसडॅक’ही आहे. जपानचा ‘हिमावारी’ दर दहा मिनिटांनी सुरेख चित्र देतो, पण महाराष्ट्र त्याच्या अगदी कडेला येतो. आपल्यासाठी हिंदी महासागरावरील युरोपीय ‘मेटिओसॅट’ अधिक उपयोगी.

९/ इतिहासाचा विद्यार्थी कागद हाती आला की आधी तारीख शोधतो. येथेही तेच करावे. चित्रावरील वेळ बहुधा ‘यूटीसी’मध्ये असते, तीत साडेपाच तास मिळवावेत. ०६०० यूटीसी म्हणजे आपले सकाळचे साडेअकरा. रात्री ‘दृश्य’ चित्र काळेच दिसणार, तेव्हा ‘अवरक्त’ चित्र उघडावे. त्यातील पांढराशुभ्र भाग म्हणजे थंड, उंच माथ्याचा ढग. तो बरसतोच असे नाही. बरसतो आहे का, ते रडारवर पाहावे. आणि ज्या चित्रावरची वेळच कोणीतरी कापून टाकली आहे, ते पुढे पाठवू नये.